मादामचं दार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सचिव काकांनी मला विषय दिला होता 'परदेशातील शिक्षणाचे अनुभव'. मी म्हणालो, काका, मी जाऊन जाऊन गेलो किती, तर सहा महिने. त्यावर काय सांगू? ते म्हणाले, सहा महिन्यांचं नको, पहिल्या महिन्याचंच सांग, लोकांना तेच आवडतं. तर मी पहिल्या महिन्याचंच सांगणार आहे.

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना आठवत असेल, २०१९ च्या मे महिन्यात मी फ्रान्सला जायची तयारी करत होतो. आपल्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. झालं होतं. विषय ज्वारी. परभणीचा पोरगा ज्वारीवर अभ्यास करणार नाही तर कशावर करणार? 'परभणी मोती' आपली, 'परभणी शक्ती' आपली. फ्रान्सच्या दक्षिणेला मोंपेलिए नावाचं गाव आहे, तिथं उष्ण प्रदेशातल्या पिकांवर मोठं संशोधन चालतं, ज्वारीवरही चालतं. तिथं सहा महिने काम करायची संधी मिळाली. तिकडं गेल्यावर महिन्याला थोडे पैसे मिळणार होते, पण तिकीट, व्हिसा, विमा सगळं आधी भरायचं होतं. तेव्हा आपल्या 'बी' विंगमधल्या भिशीत आईचा नंबर शेवटून दुसरा होता. काकूंनी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत, त्या महिन्याची रक्कम सरळ आईच्या हातात दिली. ही गोष्ट कुठल्या इतिवृत्तात नसेल म्हणून आज मुद्दाम माइकवर सांगतोय.

आईला मात्र धास्ती होती. त्याच फेब्रुवारीत 'आनंदी गोपाळ' सिनेमा आला होता आणि सगळ्या काकू मिळून तो बघून आल्या होत्या. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी बोटीनं अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी उतरल्या. या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडं ताटकळत बसल्या असताना एका मासिकात आनंदीबाईंच्या शिक्षणाबद्दलची पत्रं वाचली होती, एवढीच काय ती ओळख. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. १८८६ ला डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर काही महिन्यांतच, बाविसाव्या वर्षाच्या आत गेल्या. आईनं त्यातलं एवढंच धरलं होतं की थंडी आणि जेवणाचे हाल. "ती पोर खाण्यापिण्यावाचून खंगली बघ," असं म्हणत तिनं माझ्या बॅगेत दोन किलो ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला आणि मेथीचे ठेपले भरले. परभणीत तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास तापमान होतं आणि आई मला तीन स्वेटर देत होती. मी मनातून खूश होतो, चला, यंदाचा उन्हाळा अर्ध्यातच सुटला.

देवगिरीनं मुंबई, मुंबईहून विमानानं पॅरिस, तिथून वेगवान रेल्वेनं साडेतीन तासांत मोंपेलिए. हॉस्टेलच्या खोलीचं भाडं मला झेपणारं नव्हतं. तिकडं एक पद्धत आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाच्या घरात विद्यार्थ्याला एक खोली मिळते, भाडं अगदी कमी, बदल्यात त्यानं रात्री घरी असायचं. बाकी काही सेवा वगैरे करायची नाही, फक्त घरात असायचं. ही पद्धत तिकडं रुजायला एक कारण झालं. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये भयंकर उष्णतेची लाट आली आणि सुमारे पंधरा हजार माणसं गेली. त्यात बहुतेक म्हातारी, आणि त्यातली कितीतरी एकटी राहणारी. बंद घरात माणूस गेलेलं शेजाऱ्यालाही कळलं नाही, अशी प्रकरणं निघाली. त्यानंतर अशा संस्था निघाल्या. हे सगळं मला अर्ज भरताना माहीत नव्हतं. मी फक्त भाड्याचा आकडा बघितला होता.

माझ्या घरमालकीणबाई एकोणऐंशी वर्षांच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा दूर उत्तरेला. मी त्यांना मादाम म्हणायचो. आपल्यासारखीच चार मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर चार दारं. खाली पत्रपेट्यांवर सोळा नावं, ती मी पहिल्याच दिवशी वाचून काढली, कारण वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

दारात त्यांनी माझा गाल पुढं ओढून गालाला गाल लावला. एकदा, दुसऱ्यांदा. मी शिकून गेलो होतो की फ्रान्समध्ये दोनदा करतात, म्हणून मी दोननंतर मागं सरलो. त्या तिसऱ्यासाठी पुढं आलेल्या, त्यांच्या नाकावर माझा चष्मा आदळला. त्या भागात तीनदा करतात हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी फ्रिजवरचा कागद दाखवला. स्वच्छ अक्षरात घरातले नियम. रात्री दहानंतर अंघोळ नाही. दिवा लागला तर विझवायचा. स्वयंपाकघर दुपारी बारा ते दोन त्यांचं. शेवटचा नियम त्यांनी बोटानं दोनदा दाखवला: झोपण्याच्या खोलीचं दार बंद असेल तर वाजवायचं नाही. त्यांचं मी नाही, माझं त्या नाही. मला ते फार मोठं वाटलं. आपल्याकडं माझ्या खोलीला आतून कडी होती, पण ती लावली की आई विचारायची, "काय करायलास रे आत?"

जेवणाचं सांगतो. मी माळकरी घरातला, मांस-मासे नाही, हे मी आधीच कळवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मसूर केला. बघून डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं, वा, आमटी! पहिल्याच चमच्यात काहीतरी चिवट लागलं. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. मी थांबलो. त्या म्हणाल्या, हे मांस नाही, हे चवीपुरतं आहे. खरंच त्यांच्या मनात खोट नव्हती. मांस म्हणजे ताटात मोठा तुकडा, अशी त्यांची व्याख्या. त्या रात्री मी पाव आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि आईला फोनवर सांगितलं, वरण मिळालं. मोजून मापून खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडीसारखी दिसणारी झुकिनी घालून मंद आचेवर भाजी केली. ती मात्र मी चाटूनपुसून खाल्ली. आणखी वाढायला लागल्या तेव्हा मला म्हणायचं होतं, पोट भरलं. मी शब्दाला शब्द जुळवून म्हणालो, "झ स्वी प्लेन." मादाम डाव हातात धरून थांबल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. एक तर 'मी भरलो' असं तिकडं म्हणत नाहीत. वर मी बाईचं रूप वापरलं होतं, आणि ते रूप वापरतात गाभण गाई-म्हशींसाठी. कृषी पदवीधर असून मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं की मी गाभण आहे.

(हे आईला आज कळतंय.)

हसण्याचे प्रसंग एवढेच. बाकीचा पहिला पंधरवडा वाईट गेला. संशोधन केंद्रातले लोक चांगले होते, पण जेवताना सगळे एकदम फ्रेंच बोलायचे आणि मी ताटाकडं बघत बसायचो. रविवारी तर गावच बंद. दुकानं बंद, रस्त्यावर माणूस नाही, कुणाच्या घरातून कुकरची शिट्टी नाही. आपल्याकडं रविवारी दुपारी झोप लागावी म्हणून आपण गोंगाटाला शिव्या देतो. मी तिथं पाचव्या दिवशी रात्री परतीच्या तिकिटाचे दर बघितले. आठव्या दिवशी परत बघितले. शेवटी भिशीचे पैसे आठवून फोन बंद केला. कुणाला बोललो नाही, कारण इथं सगळ्यांनी माझा सत्कार करून पाठवलं होतं. शाल-श्रीफळ घेतलेला माणूस पंधरा दिवसांत परत कसा येणार?

मादामशी माझं बोलणं 'तुम्ही'त चालायचं. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. पण त्याही मला तुम्ही म्हणायच्या. एकोणऐंशी वर्षांची बाई तेवीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो करते, हे ऐकताना मला रोज आपण पाहुणे आहोत असं वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात मी भाकरी केली. त्यांच्याकडं पातळ धिरडी करायचा सपाट तवा होता. पीठ बघून त्यांनी विचारलं, कशाचं? मी म्हणालो, 'सोर्गो', ज्वारी. त्या गंभीर झाल्या. तिकडं ज्वारी कोंबड्यांना आणि गुरांना घालतात, माणूस खातो हे त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा पोरगा पैशावाचून कोंबड्यांचं खाद्य खायला लागला. मी थापायला बसलो. पहिली मोडली, दुसरी मोडली, तिसरी फुगली. त्यांनी ती शेळीच्या दुधाच्या चीजबरोबर खाल्ली आणि फोन लावून मुलाला सांगितलं. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण 'परभणी' हा शब्द दोनदा आला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात ना, ते गाव त्या दिवशी फ्रान्सच्या फोनवर पोचलं.

आणि जूनच्या चौथ्या आठवड्यात ऊन आलं.

आफ्रिकेकडून गरम वारं येणार म्हणून टीव्हीवर सारखं सांगत होते. देशभरातली शालेय परीक्षा पुढं ढकलली. आमचा एरो जिल्हा आणि शेजारचे तीन, अशा चार जिल्ह्यांना उष्णतेचा लाल इशारा दिला. ती इशाऱ्याची पद्धत सुरू झाल्यापासून उष्णतेसाठी लाल रंग पहिल्यांदाच लागला होता. शुक्रवार, २८ जून २०१९. मोंपेलिएपासून जवळच व्हेरार्ग नावाच्या खेड्यात ४६ अंश नोंदले गेले, फ्रान्सच्या इतिहासातलं सगळ्यात जास्त. त्या एका दुपारी द्राक्षाचे मळे करपले. मी नंतर जाऊन बघितले, पानं अशी झाली होती जशी कुणी चूड फिरवली असावी. केंद्रातले लोक माझ्याकडं बघून हसत होते, तू आणलंस हे बरोबर. मीही फुशारकीत होतो. म्हटलं, आमच्याकडं तर हे दरवर्षीचं.

पण आपल्याकडं पंखा असतो, कूलर असतो, माठ असतो, ताक असतं, आणि मुख्य म्हणजे दुपारी आपण एकमेकांना हाका मारत असतो. त्या घरात टेबलावर ठेवायचा एक छोटा पंखा होता. मादामना उन्हाची माहिती नव्हती असं नाही. दक्षिणेतली बाई, सकाळी दहाला लाकडी झडपा बंद करायची, रात्री उघडायची, अगदी माझी आजी खेड्यातल्या घरी करायची तसं. पण पाणी प्यायच्या नाहीत. बी.पी.ची गोळी चालू होती, तिनं वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून पाणी टाळायच्या. नगरपालिकेकडं वयस्कर माणसांची यादी असते, अशा दिवसांत फोन करून चौकशी करतात. त्यात नाव घातलं नव्हतं. का? तर "ते म्हाताऱ्यांसाठी आहे."

शनिवारी मला सुट्टी. मादाम सहाला उठायच्या, गार हवा आत घ्यायला झडपा उघडायच्या, कॉफीचा वास यायचा. त्या दिवशी सात वाजले, आठ वाजले, आवाज नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. त्यांचं दार बंद. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. हात वर केला. फ्रिजवरचा कागद आठवला. म्हटलं, रात्री उकाड्यानं झोप लागली नसेल, आत्ता लागली असेल. उठवलं तर चिडतील. खोली सोडायला सांगतील तर जायचं कुठं? हा शेवटचा विचारही आला होता, तो लपवत नाही.

साडेनऊ वाजता मी दार वाजवलं. आठ ते साडेनऊ. दीड तास.

आतून काहीतरी आवाज आला, शब्द नव्हता. दार ढकललं. त्या पलंगाशेजारी फरशीवर होत्या. ओठ कोरडे, अंग तापलेलं, मला बघून भलत्याच नावानं हाक मारत होत्या. मी टॉवेल ओला करून कपाळावर, मानेवर ठेवला, पंखा लावला आणि १५ नंबर फिरवला, तो तिकडचा तातडीच्या डॉक्टरी मदतीचा. पलीकडच्या बाईनं भराभर विचारायला सुरुवात केली. मला एक शब्द कळला, वय. आणि एकोणऐंशीला फ्रेंचमध्ये म्हणतात 'साठ-दहा-नऊ'. साठ अधिक दहा अधिक नऊ. वर्गात मी त्यावर विनोद केला होता. आपलंही एकोणऐंशी म्हणजे एक उणे ऐंशीच की, पण ते तोंडात बसलेलं असतं. त्या क्षणी मला साठ आठवलं आणि पुढचं काही आठवेना. मी नुसतं "सात, नऊ, सात, नऊ" म्हणत राहिलो. तिला ते फोनचे आकडे वाटले असावेत.

मग मी फोन तसाच कानाला धरून समोरचं दार बडवलं. बडवलं म्हणजे आपल्या पद्धतीनं, तळहातानं. एक बाई गाऊनवर बाहेर आल्या. चार आठवड्यांत त्यांच्याशी माझं बोलणं 'बाँझूर' एवढंच. मी फोन त्यांच्या हातात दिला आणि मादामच्या दाराकडं बोट केलं. पुढचं सगळं त्यांनी केलं. गाडी आली, सलाईन लावलं, घेऊन गेले. जिना उतरताना त्या शेजारीणबाई मला म्हणाल्या, अकरा वर्षं मी समोर राहते, आज पहिल्यांदा या घरात पाय ठेवला.

दवाखान्यात बाहेर बसलो असताना मला आनंदीबाईच आठवत होत्या, पण उलट्या बाजूनं. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशीकडं पाठवल्या होत्या आणि मावशीनं त्या आपल्या घरच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला ठेवल्या. आजही आहेत. दातांच्या डॉक्टरकडं वाचलेल्या पत्रापासून सुरू झालेलं नातं तिथवर गेलं. आणि मी दीड तास दाराबाहेर बसून राहिलो होतो.

मादाम चौथ्या दिवशी घरी आल्या. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, गोळीचं प्रमाण बदललं. मुलगा येऊन माझे हात धरून आभार मानून गेला, आणि मला ते घेववेना. त्या संध्याकाळी मी शब्दकोश घेऊन बसलो, वाक्यं लिहून काढली आणि त्यांना वाचून दाखवलं: मी आठ वाजताच घाबरलो होतो. मी वाजवलं नाही. कागदावर लिहिलं होतं म्हणून.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, फ्रिजवरचा कागद काढला, शेवटची ओळ खोडली आणि परत लावला. बाकीचे नियम तसेच. दहानंतर अंघोळ बंद ती शेवटपर्यंत बंदच राहिली. आणि मग म्हणाल्या, "त्यू आ फँ?" भूक लागली का? पहिल्यांदा तू म्हणाल्या. मी ते मागून ओळखलं, भाकरीचं पीठ काढताना.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सातला दार वाजवायचो आणि संध्याकाळी पाण्याची बाटली मोजायचो. चिडायच्या. मी दही घुसळून मीठ-जिरं घालून ताक करून दिलं, ते त्यांना अजिबात आवडलं नाही. लिंबू-साखर-मीठ चाललं. उरलेले पाच महिने कसे गेले ते सांगत नाही, सचिव काकांनी पहिल्या महिन्याचाच ठेका दिलाय आणि मघापासून ते घड्याळ दाखवताहेत.

मादाम आता पंचाऐंशीच्या पुढं आहेत. दुसरी एक विद्यार्थिनी त्यांच्याकडं असते. शेजारीणबाई रविवारी कॉफीला येतात. मे महिन्यात मला त्यांचा फोन येतो, परभणीत आज किती? या मे महिन्यातही आला. मी आकडा सांगितला. त्यांनी विचारलं, बाबा कुठे आहेत? म्हटलं, आई गावी गेलीय, बाबा दुपारी घरी एकटेच, आणि आतून कडी लावून झोपतात, कितीही सांगा. त्या म्हणाल्या, मग कडी काढून टाक.

बाबा समोरच बसलेत, तिसऱ्या रांगेत. त्यांनी त्या वेळी विचारलं होतं, कडी कशी काय निसटली रे? मी म्हणालो होतो, स्क्रू ढिले झाले असतील.